टेरिटरी गेममध्ये जादा शिपाई केवढ्याला पडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: छोटी टीम आहे, क्लॅननी, म्हणजे खेळाडूंच्या संघांनी, एकमेकांचे प्रदेश (टेरिटरी) लढून घ्यायचे असा ऑनलाइन गेम तयार होतोय. महिन्याचं सबस्क्रिप्शन ठेवावं, एकदाच पैसे घ्यावेत, की गेम फुकट ठेवून आत दुकान मांडावं? एकाच क्लॅनने सगळा नकाशा गिळू नये म्हणून काय करावं? आणि लाँचच्या आधी प्रदेश विकून भांडवल उभं करावं का?

पहिले दोन प्रश्न वेगळे धरू नका. प्राइसिंग धंद्याची बाजू पाहणाऱ्यांनी ठरवायचं आणि टेरिटरीचे नियम डिझायनरने, अशी वाटणी बहुतेक टीममध्ये असते आणि गोची तिथेच होते. माझं काम गेमच्या आतल्या अर्थव्यवस्थेचं. टेरिटरीचा कोणताही गेम समोर आला की मी आधी एकच आकडा शोधतो: वेढा पडलेला असताना मैदानात आणखी एक शिपाई उभा करायला क्लॅनला खऱ्या पैशांत काय मोजावं लागतं? प्रदेशाची लढाई शेवटी डोक्यांची आणि तासांची असते. डोकं महाग की स्वस्त, तास महाग की स्वस्त, हे तुमचं प्राइसिंग ठरवतं. नकाशा कोणत्या प्रकारच्या क्लॅनच्या हातात जाणार हेही मग बऱ्याच अंशी तिथेच ठरून जातं.

तासांचा हिशोब जुना आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑनलाइन गेमचे पैसे तासावर लागायचे. त्या दराने रात्रभर किल्ल्यावर पहारा द्यायचा म्हटलं तर कोणीही दोनदा विचार करेल. १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' महिन्याला ९.९५ डॉलर अशा सरसकट दराने आला, आणि ही महिन्याची पद्धत पुढे सगळीकडे रुळली. त्या क्षणी तास फुकट झाले. ज्याच्याकडे रिकामा वेळ जास्त, तो बलवान. आज आपण ज्याला 'हार्डकोर क्लॅन' म्हणतो तो बऱ्याच अंशी या दरपत्रकाने घडवलेला आहे.

डोक्यांचा हिशोब समजून घ्यायला 'ईव्ह ऑनलाइन'सारखा गेम नाही. अंतराळयानांचा हा गेम २००३ पासून चालू, एकाच जगात जवळजवळ सगळे खेळाडू, आणि बाहेरचा विस्तीर्ण अवकाश (त्याला तिथे नलसेक म्हणतात) खेळाडूंच्या आघाड्यांनी वाटून घेतलेला. सबस्क्रिप्शन बरीच वर्षं महिन्याला १५ डॉलरच्या आसपास होतं, २०२२ मध्ये ते २० डॉलरवर गेलं. म्हणजे वरवर पाहता जादा शिपाई, अर्थात दुसरं अकाउंट, महिन्याला तेवढ्याला पडतो. पण मध्ये प्लेक्स आहे. प्लेक्स कंपनीकडून खऱ्या पैशांनी विकत घ्यायचं, गेमच्या बाजारात आयएसके या तिथल्या चलनात विकायचं, आणि ज्याने ते घेतलं त्याने त्यातून आपलं सबस्क्रिप्शन भरायचं. पैसा असलेला माणूस वेळ विकत घेतो, वेळ असलेला माणूस फुकट खेळतो. कंपनीचं नुकसान तर नाहीच. सबस्क्रिप्शन पंधरा डॉलरला होतं तेव्हा महिन्याभराचं प्लेक्स वीसच्या घरात होतं, म्हणजे 'फुकट' खेळणाऱ्यामागे कंपनीला जास्तच मिळत होते.

आता यात प्रदेश मिसळा. आघाडीकडे चांगला मुलूख असेल तर तिथल्या उत्पन्नातून आयएसके येतात, आयएसकेतून प्लेक्स, प्लेक्समधून आणखी अकाउंट, आणि त्या अकाउंटच्या जोरावर आणखी मुलूख. शिपायाचा पगार जमीनच देते. काही आघाड्या तर जिंकलेल्या सौरमाला दुसऱ्यांना दरमहा भाड्याने देऊन नुसत्या बसून राहायच्या. खऱ्या पैशाला बदलून मिळणारं चलन गेममध्ये आणताना हे चक्र आपण चालू करतोय याची जाणीव हवी. चक्र वाईटच असतं असं नाही, ईव्हला त्यानेच जिवंत ठेवलंय असंही म्हणता येईल. पण त्याला ब्रेक बसवावे लागतात, आणि तिथे ते वर्षानुवर्षं एकेक करून बसवले गेले.

त्यातले दोन ब्रेक मला फार महत्त्वाचे वाटतात. पहिला नोव्हेंबर २०१४ चा. तोपर्यंत मोठी जहाजं नकाशाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला काही मिनिटांत उड्या मारत जायची. त्यामुळे एकच आरमार सगळ्या सीमा राखू शकायचं. त्या महिन्यात उडीचा थकवा आला: जितकं लांब जाल तितका वेळ पुढच्या उडीसाठी थांबा. अंतराला किंमत आली आणि लांबचा मुलूख राखणं एकदम जड झालं. दुसरा ऑक्टोबर २०१७ चा. आधी चंद्रावर यंत्र लावलं की खनिज आपोआप जमा व्हायचं; तिथे माणूस राहत असो वा नसो. मग नियम बदलला आणि खनिज फोडायला प्रत्यक्ष खाणकाम करणारी माणसं लागू लागली. एकच क्लॅन सगळा नकाशा गिळतो याचं मूळ बहुतेक वेळा अशा आपोआप येणाऱ्या उत्पन्नात असतं. जो प्रदेश रिकामा असूनही कमावतो, तो कोणीही उगाच सोडणार नाही. तुमच्या डिझाइनमध्ये 'प्रदेश ताब्यात असेल तर तासाला इतकी नाणी' असं वाक्य असेल तर ते आधी खोडा.

ईव्हचाच आणखी एक प्रसंग बघा, कारण भाडं, बिल आणि लढाई यांचं नातं त्यात जवळून दिसतं. त्या काळी ताब्यातल्या सौरमालेवरचा हक्क टिकवायला ठरावीक मुदतीने बिल भरावं लागायचं. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या सौरमालेचं बिल भरलं गेलं नाही. ती एका बाजूचा लढाईचा तळ होती. गोदी, साठा, जहाजं सगळं तिथे. हक्क सुटला तसे विरोधक आत घुसले आणि हक्काचा दावा करणारं यंत्र उभारू लागले. मग दोन्ही बाजूंनी ठेवणीतली टायटन, म्हणजे गेममधली सगळ्यात मोठी जहाजं काढली. सुमारे एकवीस तास लढाई चालली आणि ७५ टायटन नष्ट झाली. बातम्यांमध्ये तीन लाख डॉलर जळाले असं आलं; तो आकडा प्लेक्सच्या भावावरून काढलेला आहे, कोणाच्या खिशातून त्या रात्री तेवढे गेले असं नाही. पण टायटन बांधायला लागलेले माणसांचे महिने खरे होते.

त्या लढाईत गेमचा वेग दहा टक्क्यांवर आणला होता, म्हणजे एक सेकंदाचं काम दहा सेकंदांत. टाइम डायलेशन म्हणतात ते हेच. सर्व्हर कोसळू नये म्हणून घड्याळच हळू चालवायचं. छोट्या टीमने हे विसरू नये की जादा शिपाई तुम्हालाही महाग पडतो. फुकट गेममध्ये एका किल्ल्यावर आठशे माणसं चालून आली, त्यातली सहाशे एक पैसाही न देणारी असली, तरी सर्व्हरचं बिल तुमच्याच नावावर येतं.

एकदाच पैसे घेण्याच्या पद्धतीत नंतरचे तास फुकट असतात. विकत घेतलेल्या खात्याला पुढे काही लागत नसल्याने प्रदेश सांभाळणाऱ्या क्लॅनवर पैशाचा कोणताच दाब राहत नाही. 'न्यू वर्ल्ड' सप्टेंबर २०२१ मध्ये ४० डॉलरला आला आणि स्टीम या गेमविक्रीच्या प्लॅटफॉर्मवर एका वेळी नऊ लाखांहून जास्त लोक खेळत होते. तिथे क्लॅनला कंपनी म्हणायचे. प्रदेश ताब्यात असलेली कंपनी वस्तू बनवण्यावर, घरांवर, बाजारावर कर लावायची आणि गल्ला तिच्याकडे जायचा. लढाई मात्र ५० विरुद्ध ५० अशी बंद मैदानात. डोक्यांची संख्या बांधली की गर्दीचा प्रश्न सुटतो, असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात चुरस 'किती' वरून 'कोण' वर सरकली. कराच्या गल्ल्यातून सगळ्यात चांगली शस्त्रं घेतलेले तेच ते पन्नास लोक प्रत्येक लढाईला उतरायचे आणि बाकीचे सभासद कर भरत बाहेर बसायचे. वर शेल कंपन्या, म्हणजे त्याच लोकांनी दुसऱ्या नावाने काढलेल्या कंपन्या. आपल्याच प्रदेशावर आपल्याच शेल कंपनीकडून युद्ध पुकारायचं आणि खऱ्या शत्रूची जागा अडवून ठेवायची, ही खेळाडूंची सततची तक्रार होती.

शेल क्लॅनमुळे एक लोकप्रिय उपायही निकामी होतो: चढता देखभाल खर्च. पहिला प्रदेश शंभर नाण्यांना, दुसरा दोनशेला, तिसरा चारशेला. सगळ्यांना सुचतं, आणि पहिल्याच आठवड्यात क्लॅन तीन तुकड्यांत 'फुटतो'. तीन क्लॅन, तीन पहिले प्रदेश, प्रत्येकी शंभर. कागदावर साम्राज्य मोडलं, व्हॉइस चॅटवर तेच सेनापती. क्लॅन नोंदवणं जिथे फुकट आहे तिथे क्लॅनवर आधारलेली कोणतीही मर्यादा टिकत नाही. मर्यादा माणसावर बांधावी लागते.

माझ्या मते सगळ्यात चालणारी रीत हजेरीची आहे. ईव्हने २०१५ पासून तिचा एक प्रकार वापरला: प्रदेशात लोक राबत असतील तर तो जिंकायला हल्लेखोराला जास्त वेळ लागतो, ओसाड असेल तर तो पटकन पडतो. तुम्ही आणखी सरळ करू शकता. समजा, प्रदेश टिकवायला रोज आठ जणांची हजेरी लागते. हजेरी म्हणजे त्या प्रदेशात खाण, शेती, गस्त अशी कसलीही अर्ध्या-पाऊण तासाची खरी कामगिरी. एका खात्याची हजेरी दिवसात एकाच प्रदेशाला लागू. शंभर सभासदांच्या क्लॅनमध्ये रोज साठ जण येत असतील तर तो सात प्रदेश राखेल. एका नावाने राखो की पाच नावांनी, सातच. फुटून काही मिळत नाही. मोठा क्लॅन मोठाच राहतो, फक्त माणसांपेक्षा मोठा होत नाही.

या रीतीची कमजोर बाजू कुठे आहे ते दिसतंच: खातं फुकट असेल तर एक माणूस दहा खात्यांची हजेरी लावतो. म्हणून परत पहिल्या आकड्याकडे यावं लागतं. ईव्हने नोव्हेंबर २०१६ मध्ये फुकट खाती सुरू केली तेव्हा त्यांची कौशल्यं मर्यादित ठेवलीच, शिवाय असं खातं दुसऱ्या खात्यासोबत एकाच वेळी चालवायला मनाई केली. 'आल्बियन ऑनलाइन' २०१७ ला विकत घ्यायचा गेम म्हणून आला आणि एप्रिल २०१९ मध्ये फुकट झाला. पण प्रीमियम नावाचं मासिक सभासदत्व ठेवलं, जे पैशाने किंवा गेममधल्या चांदीने मिळवता येतं. दोन्हीकडे धोरण एकच: आत येणं फुकट, वजन असणं फुकट नाही. आल्बियनने मोठ्या झुंडीची ताकद कमी करणारा दंडही आणला. त्यावर क्लॅन वेगवेगळ्या गटांत विभागून लढायला लागले. खेळाडू कायम एक पाऊल पुढे असतात, हे गृहीत धरूनच नियम करा.

आता पैसे टाकून ताकद विकत घ्यायच्या गेमबद्दल. मोबाइलवरचे राज्य-जिंकण्याचे स्ट्रॅटेजी गेम बहुतेक याच जातीचे. तिथे शिपाई थेट विकायला असतो: सैन्य लवकर तयार करा, जखमी लवकर बरे करा, बांधकाम लगेच संपवा. एक मोठा खर्चिक माणूस शंभर जणांइतका भारी पडतो. आणि एक वस्तू अशी आहे की तिच्याकडे पाहून मला दर वेळी डिझायनरच्या धाडसाचं आश्चर्य वाटतं: शांततेची ढाल. आठ तास, चोवीस तास, तीन दिवस. तेवढा वेळ तुमच्या शहरावर हल्ला होत नाही. थोडक्यात, रात्री निर्धास्त झोप घ्यायची तर ती विकत घ्या. आधी नियमानेच झोपेवर हल्ला करू द्यायचा आणि मग संरक्षण विकायचं. यात भरपूर पैसा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण हा धंदा दर काही आठवड्यांनी नवं राज्य उघडून, जुनं ओस पडू देऊन आणि जाहिरातींवर सतत पैसा ओतून चालतो. छोट्या टीमकडे तेवढा पैसा नसतो. एकाच जगात लोक टिकवायचे असतील तर हरणाऱ्याला उद्या परत यावंसं वाटलं पाहिजे, आणि पैशाने हरलेला माणूस सहसा परत येत नाही.

झोपेचा प्रश्न मात्र खराच आहे. त्यावर फुकट उपाय द्या: बचाव करणाऱ्याने दिवसातले दोन-तीन तास स्वतः निवडायचे, प्रदेश फक्त त्या वेळेत पडू शकतो. त्यातही पळवाट आहे. जिथे कोणीच जागं नसतं ती वेळ लोक निवडतात. म्हणून निवडीची कक्षा सर्व्हरच्या गर्दीच्या तासांभोवतीच ठेवा. आणि सबस्क्रिप्शन घेत असाल तर हे अधिकच जरूर. पहाटे चारला गेलेल्या किल्ल्यानंतर सकाळी आठला सबस्क्रिप्शन रद्द होतं.

सरसकट सबस्क्रिप्शनच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यात कमकुवत खेळाडू आणि राजा कंपनीला सारखेच पैसे देतात, त्यामुळे रयतेला किंमत राहते. 'लिनिएज २'मध्ये किल्ला असलेला क्लॅन आसपासच्या दुकानांवर कर ठरवायचा. २००४ मध्ये कोरियातल्या बार्त्झ सर्व्हरवर एका बलाढ्य क्लॅनने कर चढवले आणि चांगल्या शिकारीच्या जागा बंद केल्या, तेव्हा खालच्या लेव्हलचे खेळाडू, इतर सर्व्हरवरून नवी पात्रं करून आलेलेसुद्धा, जवळपास विनाशस्त्र झुंडीने लढायला उतरले. किरकोळ शिपाईही संख्येने भारी पडला. त्याच जागी पैशाने वाढणारं सैन्य असतं तर हे बंड तासाभरात मोडलं असतं.

असं असूनही तुम्हाला नुसतं सबस्क्रिप्शन सुचवत नाही. टेरिटरीचा गेम रिकाम्या नकाशावर मरतो, आणि अनोळखी टीमच्या गेमला पहिल्याच दिवशी महिन्याचे पैसे द्यायला फार थोडे लोक तयार होतात. माझा कल असा: गेम फुकट, फिरणं, व्यापार, शिकणं, लढणं सगळं खुलं. प्रदेशाच्या हजेरीत धरलं जाण्यासाठी आणि वेढ्यात झेंडा रोवण्यासाठी छोटं मासिक सभासदत्व, जे गेममध्ये कमावूनही घेता येईल. दुकानात कपडे, झेंडे, किल्ल्याची सजावट. शिपाई, वेग, ढाल यांतलं काहीही नाही. पाच डॉलर दर धरला तर हजेरीच्या वरच्या हिशोबात बनावट खात्यांनी एक प्रदेश राखणं महिन्याला चाळीस डॉलर आणि रोजची कटकट होते. काही हौशी तेवढंही करतील, पण सगळा नकाशा असा कोणी राखणार नाही. देशानुसार वेगळे दर लावणार असाल तर सभासदत्व त्या त्या विभागाच्या सर्व्हरपुरतं बांधा, नाहीतर सगळ्यात स्वस्त देशातला दर हाच तुमचा जागतिक दर होतो.

नकाशाही लहान ठेवा, तुम्हाला वाटतोय त्याहून लहान. गर्दीच्या वेळी एक हजार लोक असतील, त्यातले निम्मे प्रदेशाच्या राजकारणात असतील आणि एका लढाईला दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास लागत असतील, तर एका वेळी दहा लढायांपुरतीच माणसं तुमच्याकडे आहेत. तीस-चाळीस प्रदेश पुष्कळ झाले. दोनशे आखलेत तर दीडशे ओस पडतील आणि ते ज्याच्या नावावर असतील तो विनाकारण सम्राट दिसेल. ठरावीक काळाने नकाशा पुसून नवा डाव मांडायचा, हाही चांगला मार्ग आहे. 'फॉक्सहोल' एकदाच विकत घ्यायचा गेम असून त्यावर तगलाय. युद्ध संपतं, नकाशा कोरा होतो, हरलेली बाजू पुन्हा बरोबरीत येते. डाव संपायच्या आधीचे शेवटचे दिवस निरस जातात, ही त्याची किंमत. तेव्हा शेवटचा टप्पा मुद्दाम छोटा किंवा जास्त चुरशीचा करा.

शेवटचा प्रश्न, लाँचआधी प्रदेश विकण्याचा. 'एंट्रोपिया युनिव्हर्स'मध्ये २००४ साली एक बेट २६,५०० डॉलरला विकलं गेलं; मालक तिथे शिकार आणि खाणकाम करणाऱ्यांकडून कर घेतो. ते चाललं, कारण ते बेट कोणी लढून हिसकावू शकत नाही. 'स्टार सिटिझन'ने २०१७ मध्ये जमिनीच्या हक्काचे परवाने ५० डॉलरपासून विकायला काढले, तेव्हा गेममध्ये ती जमीन वापरायची सोयच नव्हती, आणि खेळाडूंमध्ये मोठा वाद झाला. 'क्राउफॉल'ने पाठीराख्यांना, म्हणजे लाँचआधी पैसे देणाऱ्यांना, विकलेली जमीन आणि किल्ले त्यांच्या खासगी राज्यांसाठी होते आणि लढाईची जगं वेगळी, दर मोहिमेनंतर पुसली जाणारी. त्यातली अडचण त्यांनी नीट ओळखली होती, जरी तो गेम २०२१ च्या लाँचनंतर वर्ष-दीड वर्षातच बंद पडला. ज्या जमिनीचे पैसे घेतले ती लढाईत गेली तर ग्राहक परतावा मागणार, आणि ती जाऊच शकत नाही असा नियम केलात तर तो तुकडा गेमच्या बाहेर गेला. पैसे हवेतच तर पहिल्या पाठीराख्यांना नकाशावरच्या डोंगर-नद्यांची नावं ठेवू द्या, कायमचा झेंडा द्या, पहिल्या वर्षाचं सभासदत्व आगाऊ विका. ते सभासदत्व विकतानाही एका माणसाला एकच द्या, दहाचा गठ्ठा सवलतीत देऊ नका.